दिवाळीची उजळणारी भेटकार्डे आणि लहान आकाशकंदील: एलईडी, बटन सेल आणि तांब्याच्या पट्टीविषयी शंका

कागदकाम (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गृहसंकुलातील दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत हस्तकलेचा वर्ग घेण्याचे ठरले आहे. कार्ड उघडताच पणतीची ज्योत उजळावी असे भेटकार्ड आणि गॅलरीत ओळीने टांगता येतील असे वीतभर उंचीचे आकाशकंदील, अशा दोन वस्तू मुलांकडून करून घ्यायच्या आहेत. नमुन्यासाठी मी सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल, ५ मिलिमीटरचे साधे एलईडी आणि मागे गोंद असलेली तांब्याची पट्टी वापरते आहे.

अडचणी तीन आहेत. एकाच सेलवर तांबडा आणि पांढरा असे दोन एलईडी शेजारी शेजारी जोडले की तांबडा झकास पेटतो, पण पांढरा जवळजवळ दिसतच नाही, आणि तांबडा काढला की पांढरा लगेच उजळतो. कार्ड काही वेळा उघडून मिटल्यावर घडीपाशी दिवा मिचमिचू लागतो. आणि तोच सेल कंदिलात घातला तर जेवणाची वेळ होईपर्यंत कंदील पेंगुळतो. सेल चांगल्या प्रतीचे असूनही असे का व्हावे, आणि मुलांच्या हाताला जमेल असा उपाय कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अध्यापक

आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ सेलच्या दर्जात नसून एलईडीच्या रंगात आहे. तांबडा एलईडी साधारण १.८ ते २ व्होल्टला पेटतो, तर पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. दोघांना समांतर जोडले की तांबडा भरपूर प्रवाह ओढतो आणि दोन्ही टोकांमधला दाब २ व्होल्टच्या जवळ खाली बसतो, मग पांढऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. निळ्याची गत पांढऱ्यासारखीच असते, कारण पांढरा एलईडी म्हणजे निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा) थर. (ही निळी चिप बनवणे इतके कठीण होते की तांबडा एलईडी १९६२ पासून असूनही तेजस्वी निळ्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि त्या कामाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) हिरवे एलईडी बाजारात दोन प्रकारचे येतात. जुन्या पद्धतीचा पोपटी छटेचा हिरवा २ व्होल्टच्या थोडे वर पेटतो, तर गडद हिरवा पांढऱ्याच्या पंगतीत बसतो.

सीआर २०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते, पण ती अगदी थोडा प्रवाह हळूहळू घेतला तरच पदरात पडते, कारण हा सेल घड्याळासारख्या उपकरणांसाठी घडवलेला आहे. एलईडी थेट जोडला तर सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध तेवढा प्रवाहाला आवर घालतो. त्यामुळे एलईडी सहसा जळत नाही, परंतु सेल वेगाने दमतो आणि त्याचा दाब उतरला की आधी पांढराच मंदावतो. कंदिलात आपण हेच पाहत आहात.

कार्डात तांबडा, पिवळा किंवा नारिंगी एलईडीच घ्यावा आणि त्याच्यासोबत ४७० ओहमचा रोधक (प्रवाहाला आवर घालणारा रेझिस्टर) लावावा. ३ व्होल्टमधून एलईडीचे १.९ वजा केले की १.१ व्होल्ट उरतात, त्यांना ४७० ने भागले की सव्वादोन मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. आजकालच्या एलईडींना घोटीव कागदामागून ज्योत दाखवायला तेवढा पुरतो. पणतीची ज्योत तशीही पिवळीच शोभते.

सोल्डरगन

अध्यापकसरांच्या गणिताशी सहमत आहे, फक्त वर्गात वेळ कमी असेल तर तांबड्या-पिवळ्या एलईडीच्या कार्डात रोधक वगळला तरी चालते असे माझे मत आहे. भेटकार्ड एका वेळी अर्धा मिनिट उघडे राहते, त्यामुळे सेल दिवाळी सहज ओलांडतो. कंदिलात मात्र ही सूट घेऊ नये.

आता पट्टीबद्दल. स्वस्त पट्टीच्या मागचा गोंद बहुधा वीज वाहून नेत नाही, म्हणून कोपऱ्यावर एक तुकडा दुसऱ्यावर चिकटवला तर दिसायला जोड लागतो, पण आत संपर्क नसतो. कोपरा आला की पट्टी न कापता दुमडून वळवावी आणि अखंड ठेवावी. जिथे कापणे अटळ आहे तिथे वरच्या तुकड्याचे टोक आत दुमडून तांब्यावर तांबे टेकू द्यावे, किंवा मोठ्यांनी सोल्डरचा एक टिपका द्यावा. एलईडीचे पाय पट्टीवर आडवे पसरून त्यांवरून पट्टीचा दुसरा तुकडा चिकटवावा आणि चमच्याच्या पाठीने घट्ट घासावा.

आपली पट्टी घडीपाशी चिरते आहे. इतके पातळ तांबे त्याच जागी वारंवार वाकले की तुटणारच, आणि चीर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे घडी ओलांडूच नये. सेल, एलईडी आणि पट्ट्या हे सगळे उजव्या पानावर राहू द्यावे. डाव्या पानावर प्लॅस्टिकची पातळ जीभ चिकटवावी, जी कार्ड मिटलेले असताना सेल आणि पट्टी यांच्यामध्ये शिरते आणि उघडताना ओढली जाऊन बाहेर येते. वाजणाऱ्या तयार कार्डांत अशीच जीभ असते. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) जुनी पारदर्शिका यासाठी उत्तम, कारण ती वाकते पण मऊ पडत नाही. पट्टी सेलवर दाबून धरण्यासाठी तिच्या पाठीशी फोम टेपचा लहानसा तुकडा ठेवावा. हेही किचकट वाटले तर पानाचा एक कोपरा दुमडून त्याच्या आतल्या बाजूला तांबे लावावे आणि ‘येथे दाबा’ असे लिहावे.

सेलच्या बाबतीत एक गोष्ट मुलांना हातात देऊन दाखवावी. अधिक चिन्हाची बाजू म्हणजे केवळ वरची चकती नव्हे, सेलची कडाही अधिकच असते. उणे बाजूची पट्टी सरळ बाहेर काढताना त्या कडेला टेकली की शॉर्ट होते, कार्ड पेटत नाही आणि सेल संपतो. म्हणून उणे बाजूला कडेवर आधी साधा चिकट कागद गोल लावून घ्यावा.

पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे साहित्य मिळते. ३ मिलिमीटरचे एलईडी मागा, कार्ड कमी फुगते. एलईडीचे डोके पॉलिश पेपरवर घासून दुधी केले की एका ठिपक्याऐवजी सगळी ज्योत उजळते.

कागदकाम

दोघांचेही मनापासून आभार. कड अधिक असते हे ध्यानातच आले नव्हते. तरीही मुलांना पांढऱ्या चांदण्या हव्याच आहेत. कार्ड जाड न करता पांढरा आणि पिवळा एकत्र पेटवण्याचा काही मार्ग आहे का?

निवृत्त अध्यापक

आहे, आणि तो सोपा आहे. सीआर २०३२ या नावातले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०१६ त्याच व्यासाचा, पण १.६ मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे दोन सीआर २०१६ एकावर एक ठेवले की जाडी एका सीआर २०३२ एवढीच राहते आणि दाब ६ व्होल्ट मिळतो. आता प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक द्यावा: पांढऱ्याला १ किलोओहम (तपकिरी, काळा, तांबडा पट्टे) आणि पिवळ्याला १.५ किलोओहम (तपकिरी, हिरवा, तांबडा). दोन्ही शाखांत सुमारे ३ मिलिअँपिअर वाहतात आणि कोणीही कोणाचा दाब खात नाही. सगळ्यांना मिळून एकच रोधक लावण्याचा मोह मात्र टाळावा, नाहीतर तांबड्या-पांढऱ्याचे जुनेच भांडण पुन्हा सुरू होईल. ६ व्होल्टवर रोधक वगळण्याची सूटही नाही, हे सोल्डरगन यांनाही मान्य व्हावे.

सीआर २०१६ ची क्षमता सीआर २०३२ च्या निम्म्याहूनही कमी असते. कार्डासाठी ती पुरते, कंदिलासाठी नाही.

खळ आणि कामट्या

कंदिलासाठी बटन सेलचा नाद सोडावा, असे मी स्पष्टच सांगेन. संध्याकाळभर चार-पाच तास उजेड हवा असेल तर मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर घ्यावा. २३० व्होल्ट भिंतीपाशीच थांबतात आणि मुलांच्या हातात फक्त ५ व्होल्ट येतात. प्रत्येक कंदिलात एक पिवळसर पांढरा एलईडी आणि त्याच्या एका पायाला २२० ओहमचा रोधक जोडून घ्यावा. एका कंदिलाला ८ ते ९ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे दहा कंदील मिळूनही १०० मिलिअँपिअरच्या आतच राहतात आणि कोणत्याही चार्जरला ते जाणवतही नाही. पॉवर बँक मात्र वापरून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, कारण इतका कमी प्रवाह दिसला की पुष्कळ पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून आपोआप बंद होतात.

जोडणीसाठी नेटवर्कच्या केबलमधील बारीक तारांची एक जोडी पुरते. माळ १० मीटर लांब असली तरी दाबातली घट पाव व्होल्टाहून कमी राहते. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी आणि दिवाळीत गॅलरीत पावसाची झड येत असेल तर तिच्या दोन्ही तोंडांना हॉट ग्लूचा थेंब द्यावा. चार्जर आणि त्याचा सॉकेट घराच्या आतच असावेत.

एलईडी कंदिलाच्या मधोमध, तोंड खाली करून टांगावा आणि त्याच्याखाली बटर पेपरची लहान सुरळी ठेवावी. तसे केले नाही तर पतंगी कागदातून प्रकाशाचा एकच टोचरा ठिपका दिसतो आणि कामट्यांच्या सावल्या वेड्यावाकड्या पडतात.

दोन लेकरांची आई

तांत्रिक भाग वर आलाच आहे, मी एक इशारा जोडते. बटन सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते, आणि सेल दमलेला असला तरी धोका टळत नाही. वर्गाला येणारी मुले मोठी असली तरी कार्ड ज्या घरी जाणार तिथे लहान मूल असू शकते. त्यामुळे सेल नुसता फोम टेपच्या आधाराने न ठेवता वरून जाड कार्डशीटचे झाकण चारही बाजूंनी चिकटवावे. वर्गात सेल मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे. संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते ई-कचऱ्यात द्यावेत.

परदेशातील नातेवाइकांना कार्ड पाठवायचे असेल तर सेल न घालता पाठवावे, कारण लिथियम सेलवर हवाई टपालाचे निर्बंध असतात. कार्डाच्या मागे सेलचा क्रमांक आणि अधिक बाजू कोणती हे लिहून ठेवले तर आजी-आजोबांनाही तो तिकडच्या दुकानातून आणून बसवता येतो.