पोलोची पुढची नंबर प्लेट: बंपरला नवी भोकं न पाडता, कायद्यात बसेल अशी कशी लावावी?

धोपावेकरीण
नमस्कार. गाडी २०१६ ची पोलो, पेट्रोल, एमएच-०८. शाळेच्या कामासाठी धोपावे-दाभोळ फेरीने सारखी ये-जा असते. ओहोटीला जेटीच्या उतारावरून बोटीच्या रॅम्पवर गाडी चढवताना नाक टेकतं आणि पहिला मार बसतो तो नंबर प्लेटच्या खालच्या कडेला. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवून घेतली होती. तिची कड दुमडली, बंपरमधली दोन्ही भोकं फाटून मोठी झाली आणि तिला धरून ठेवणारं एक स्नॅप लॉक कुठेतरी पडलं. सध्या प्लेट केबल टायने बांधली आहे. ते मला अजिबात पटत नाही.

प्लेट दीड-दोन इंच वर यायला हवी, बंपरला नवी भोकं नकोत आणि पोलिसांनी थांबवलं तर वाद घालायची वेळ येऊ नये. बजेट मजुरीसकट हजार रुपये. टो हुकच्या (गाडी ओढायच्या हुकच्या) जागी बसणारे ब्रॅकेट, मॅग्नेट, टेप असं बरंच दिसतं. आपल्या खाऱ्या हवेत कोणी प्रत्यक्ष वापरलं आहे का?

खाडीकाठ
भाऊ, डोळे झाकून टो हुक ब्रॅकेट घ्या. माझीही पोलोच. बंपरवरची छोटी चौकोनी झाकणी काढायची, आत टो हुकचे आटे असतात, त्यात दांडा फिरवला की काम झालं. एकही भोक पाडावं लागत नाही. मी पूर्ण स्टेनलेसचा मागवला, साडेतीन हजारांच्या आसपास पडला. पॉलिश अजून आरशासारखं आहे. एक लक्षात ठेवा, या गाडीचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतात. गॅरेजवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो जोर लावून आटे मारेल. रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत फिरलो, कोणी विचारलं नाही.

धोपावेकरीण
भाऊ नाही, ताई. उलट्या आट्यांचं माहीत नव्हतं, आभार. पण बजेट हजार आहे.

खाडीकाठ
माफ करा ताई. हजारात मिळतात ते लोखंडाचे, वर नुसता काळा रंग. एका पावसाळ्यात गंजाचे ओघळ बंपरवर उतरतात. चांगली वस्तू एकदाच घ्यावी.

थार_दापोली
ताई, मूळ दुखणं गाडीच्या उंचीचं आहे. मी हॅचबॅक विकून थार घेतली, आता कुठलीही जेटी असो, विचार करावा लागत नाही. पुढे मजबूत बुल बार (बंपरसमोरचा लोखंडी दांड्यांचा सांगाडा) बसवला आहे आणि नंबर प्लेट त्याच्यावर, छातीच्या उंचीला. लांबून वाचता येते. गाडी बदलायची नसेल तर निदान स्प्रिंगखाली स्पेसर टाकून घ्या.

पेण_एमएच०६
थार_दापोली, बुल बारला डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून मनाई केली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, गाडीच्या मूळ रचनेत बदल. कारणही खरं आहे. धडक बसल्यावर जोर कसा पोचतो ते बारमुळे बदलतं, एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळत नाही आणि पायी चालणाऱ्याला जास्त मार बसतो. त्याच्यावर नंबर प्लेट लावली म्हणून तो कायदेशीर होत नाही.

ताई, तुमच्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ५० प्लेटचा. मोटारीला ५०० बाय १२० मिमी किंवा ३४० बाय २०० मिमी. अक्षरं ६५ मिमी उंच. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० बाय २० मिमीचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला कायम क्रमांक, अक्षरांवर ४५ अंशांत इंडिया छापलेली पट्टी. ब्रॅकेट कुठलंही घ्या, यातलं काहीही झाकलं जाता कामा नये. बाजारातल्या जाड काळ्या फ्रेमा नेमका होलोग्राम आणि लेझरचा क्रमांक खातात. वरून ॲक्रेलिकचं झाकणही नको, रात्री प्रकाश परततो आणि नंबर वाचता येत नाही.

केबल टाय आजच काढा. स्नॅप लॉकचा अर्थच असा की एकदा बसवलेलं फोडल्याशिवाय निघत नाही. साधा नट-बोल्ट किंवा टाय दिसला की प्लेट काढून दुसरीकडे लावल्याचा संशय येतो.

थार_दापोली
आमच्याकडे अर्ध्या गाड्यांना बार आहेत. कोकणात गुरं रस्त्यात बसतात, ते दिल्लीतल्यांना काय कळणार?

पेण_एमएच०६
गुरांसाठी वेग कमी करा. धागा ताईंच्या प्लेटचा आहे.

झिलू_मालवण
ताई, मी सांगतंय ता आयक. गाडयेक भोका पाडू नको नि हुक-बिक काय नको. प्लेट काचेच्या आतसून डॅशबोर्डावर ठेव. पावसाचा पाणी नाय, खारो वारो नाय, रॅम्प नाय. माझ्या झिलान तशीच ठेवलेली आसा, अजून कोणी अडवक नाय.

पेण_एमएच०६
झिलूकाका, नको हो. डॅशबोर्डवरची प्लेट तिरकी पडते, काचेवर आभाळाचं प्रतिबिंब असतं आणि रात्री तिच्यावर उजेडच पोचत नाही. नियमात प्लेट गाडीच्या पुढे आणि मागे लावायची आहे. काचेवर जो एचएसआरपीचा स्टिकर येतो, तो तिसरा आहे. तो या दोन्हींच्या बदल्यात चालत नाही.

झिलू_मालवण
मगे सकाळी सकाळी पोलिसान पकडल्यार माका फोन करू नको म्हणान सांगतंय झिलाक.

अंधेरी_ते_आंबोळगड
माझा मुलगा फ्लोरिडात असतो. तिथे पुढे प्लेट लावतच नाहीत, फक्त मागे. गाड्या किती छान दिसतात! आपल्याकडेही मागची एक पुरेशी आहे. कोणीतरी मागणी लावून धरायला हवी.

पेण_एमएच०६
तिथल्या प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, काही राज्यांत दोन्ही लागतात. आपल्याकडे दोन्ही लागतात. एवढ्यावर हा विषय थांबवू या का?

पेठमाप_चिपळूण
मी पुराचा अनुभव सांगतो, कारण प्लेट जाते ती फक्त रॅम्पने नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हाचं सोडाच, त्या दिवशी गाड्याच तरंगल्या. पण दर पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यातून जरा जोरात गाडी घातली की पाण्याचा सगळा दाब सपाट प्लेटवर येतो आणि ती भोकांतून फाटून निघते. माझी अशीच गेली. नवीसाठी पोर्टलवर अर्ज, आरसीची प्रत आणि हरवल्याबद्दल पोलिसांत तक्रारीची प्रत लागली. हेलपाटे झाले ते वेगळेच.

म्हणून ताई, आजच दोन्ही प्लेटांचे जवळून फोटो काढून ठेवा, लेझरचा क्रमांक वाचता येईल असे. हरवल्यावर तक्रारीत तो क्रमांक लिहिता येतो. आणि ब्रॅकेट कुठलंही घ्या, प्लेटला मागून पूर्ण टेका पाहिजे. टो हुकच्या दांड्यावर प्लेट मध्यातल्या एका तुकड्यावर उभी असते, बाजू मोकळ्या. पाण्यात तीच आधी दुमडेल.

खाडीकाठ
माझ्या ब्रॅकेटला मागे पूर्ण लांबीची पट्टी आहे. स्वस्तातल्याला नसते. म्हणूनच सांगतो, साडेतीन हजार घाला.

मिऱ्या_बंदर
मॅग्नेटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बंपर प्लॅस्टिकचा, प्लेट ॲल्युमिनियमची. चुंबक दोन्हींना धरत नाही. प्लेटमागे लोखंडी पत्रा लावून चुंबक बसवणारे आहेत, पण मग प्लेट कोणीही हाताने काढून नेईल, आणि हाताने निघणारी प्लेट म्हणजे सरळ नियमभंग.

टेपचं सांगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप मी लावली होती. एप्रिलपर्यंत छान राहिली. जूनच्या दमट हवेत कडेने पाणी शिरलं आणि देवरुखच्या वळणांवर प्लेट एका बाजूने लोंबायला लागली. टेप खडखड थांबवायला चांगली, भार धरायला नाही.

देवगड_वर्कशॉप
मी बंपरचीच कामं करतो, तेव्हा नीट सांगतो. फाटलेली भोकं आधी दुरुस्त करा. आतून जाळी ठेवून गरम सळीने प्लॅस्टिक वेल्डिंग होतं, बाहेरून दिसतही नाही, कारण त्यावर प्लेटच येणार. मग जुन्याच जागी भोक पाडता येतं. बंपर उतरवायची गरज नाही, खालचं झाकण सोडून हात जातो. बहुतेक ठिकाणी चार-पाचशेत होऊन जाईल.

दुसरं. आमच्याकडे समुद्रावरच्या गाड्यांच्या प्लेटांना भोकाभोवती पांढरी पूड दिसते. ॲल्युमिनियमच्या प्लेटला लोखंडाचा किंवा स्टेनलेसचा स्क्रू लागला आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दोघांमध्ये नायलॉनचा वॉशर घाला, पुढून आणि मागून. दोन-दोन रुपयांची वस्तू आहे. ती न घातल्यामुळे भोक मोठं होऊन प्लेट डगडगायला लागते. खाडीकाठ दादांच्या स्टेनलेस ब्रॅकेटलाही हेच लागू.

दुमडलेली कड सरळ करायची असेल तर प्लेट उलटी जाड फडक्यावर ठेवून मागून रबरी हातोडीने हलके ठोका. पुढून ठोकलं तर वरची चकाकणारी फिल्म तडकते.

खाडीकाठ
माझ्याकडे पूड वगैरे काही नाही.

देवगड_वर्कशॉप
प्लेट काढून मागून बघा एकदा.

भांगाची_भरती
मी वेगळं सांगतो. ब्रॅकेटपेक्षा वेळ बघून फेरी धरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेच्या उधाणाला ओहोटी सगळ्यात खाली जाते, ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमकी शाळेला निघायची वेळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार उतरत नाही. आमच्या घरी होडी होती, हे गणित आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं.

अंधेरी_ते_आंबोळगड
हे फारच उपयोगी. कृष्ण पक्षात तिथी पुढे सोळा, सतरा अशी मोजायची का?

भांगाची_भरती
नाही, प्रतिपदेपासून परत एक. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा.

थार_दापोली
फोनवर भरतीची वेळ दाखवणारी ॲप आहेत.

भांगाची_भरती
असतील. पंचांगाला रेंज लागत नाही.

पेठमाप_चिपळूण
टो हुकबद्दल आणखी एक. पावसात गाडी बंद पडून ओढून न्यायची झाली तर आधी ब्रॅकेट सोडून मूळ हुक लावावा लागतो. भर पावसात गुडघाभर पाण्यात ते कोण करणार? शिवाय प्लेट एका बाजूला जाते. मध्यभागी कंपनीने दिलेली जागा रिकामी आणि प्लेट कोपऱ्यात, असं दिसलं की माणूस थांबवून विचारणारच. ताईंना वाद नको आहे ना?

खाडीकाठ
मला कोणी विचारलं नाही हे मी वर लिहिलं आहे.

देवगड_वर्कशॉप
ताई, वेल्डिंग आणि नायलॉन वॉशर. तुमच्या बजेटात होईल.

धोपावेकरीण
सगळ्यांचे आभार. गुहागरला दोन गॅरेजवाल्यांशी बोलले, प्लेट हातात घेऊन बंपरवर वर-खाली धरून पाहिली, आणि निर्णय झाला आहे. तुमच्यापैकी कोणाचाच उपाय जसाच्या तसा घेत नाहीये.

टो हुक नको, कारण कोपऱ्यातली प्लेट मला समजावत बसायची नाही. नुसतं वेल्डिंग केलं तर प्लेट परत त्याच उंचीवर येते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा तेच. म्हणून दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडून एसीपी शीटचा ४ मिमी जाडीचा उरलेला तुकडा घेतला. दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लॅस्टिक, म्हणजे हलका आणि गंज नाही. तो ५०० मिमी रुंद आणि प्लेटपेक्षा उंच कापून घेतला. त्याची खालची बाजू बंपरच्या फाटलेल्या जुन्या भोकांवर, आतून-बाहेरून रुंद नायलॉन वॉशर घालून. प्लेट त्याच्या वरच्या भागावर, म्हणजे पूर्ण पाठीला टेका, मध्यभागी, आणि पावणेदोन इंच वर. खालची कड आता बंपरच्या ओठाच्या आत राहते. शीट आणि वॉशर मिळून तीनशेच्या आत झालं. होलोग्राम आणि क्रमांक पूर्ण मोकळे आहेत. लेझर क्रमांकाचे फोटो काढून ठेवले. स्नॅप लॉक मात्र मी बसवणार नाही. प्लेट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रात शीटसकट गाडी नेणार आहे, त्यांनीच त्यावर लॉक करायचं.

देवगड_वर्कशॉप
एसीपी वाकतं, ताई. फाटलेल्या भोकांवर नुसता वॉशर किती दिवस धरेल? वेल्डिंग करूनच घ्या.

धोपावेकरीण
वाकलेलं चालेल. रॅम्प लागलाच तर शीटचा खालचा ओठ वाकेल, तो तीनशेत परत होतो. प्लेटसाठी पुन्हा अर्ज करायला लागू नये, एवढंच मला हवं आहे.

पेण_एमएच०६
मांडणी ठीक वाटते. वरच्या जाळीचा हवा घेणारा भाग झाकला जात नाही ना ते बघा. केंद्रात जाताना आरसीची प्रत न्या आणि वेळ आधी ठरवून जा. पुढची प्लेट काढून पुन्हा लॉक करायची आहे हे फोनवरच स्पष्ट सांगा, काही जण आल्यावर नाही म्हणतात.

धोपावेकरीण
जाळी मोकळी आहे, पाहिलं. शनिवारी नेते.

खाडीकाठ
प्लेट काढून मागून पाहिली. पूड आहे. नायलॉन वॉशर कुठल्या मापाचे घ्यायचे?

देवगड_वर्कशॉप
बोल्ट सहा एमएमचा असेल तर सहाचेच, रुंद कडेचे. हार्डवेअरच्या दुकानात एम-सिक्स नायलॉन वॉशर म्हणून मागा.