'हॅव' आणि 'हबेरे': म्हणे नातंच नाही!

शंकेखोर: इंग्रजी 'हॅव', जर्मन 'हाबेन', लॅटिन 'हबेरे'. तिन्हींचा अर्थ 'जवळ असणे'. शाळकरी पोरही सांगेल, एकाच घरची. पण भाषाशास्त्री म्हणतात, लॅटिनवालं परकं. 'हॅव'चं रक्ताचं नातं 'कपेरे'शी, म्हणजे 'पकडणे'शी. आधार काय, तर आद्य-जर्मानिकमधलं (म्हणजे इंग्रजी-जर्मन वगैरेंच्या मूळ भाषेतलं) *हब्यानं हे रूप, जे कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. पुढे तारा लावला की अंदाजाचं शास्त्र होतं? मला पटत नाही.

नदीकाठ: अहो, तारा म्हणजेच कबुली की हे सापडलेलं नाही! आणि दिसण्यावर जाऊ नका. लॅटिनचा 'क' जर्मानिकमध्ये 'ह' होतो: केंतुम–हंड्रेड, कोर्नू–हॉर्न. लॅटिनचा 'ह' तिकडे 'ग' होतो: होस्तिस–गेस्ट, होर्तुस–गार्डन. मग हबेरेचा 'ह' तेवढा जसाच्या तसा कसा राहील? म्हणून हबेरेला 'गिव्ह'शी जोडतात. अर्थ उलटा वाटतो, मान्य.

शंकेखोर: त्याच नियमाने 'प'चा 'फ' होतो, पातेर–फादर. मग कपेरेच्या 'प'चा हाबेनमध्ये 'ब' कसा झाला?

नदीकाठ: डॅनिश भाषाशास्त्री व्हेर्नरचा नियम, १८७७. मूळचा आघात (उच्चारातला जोर) व्यंजनानंतर असेल तर ते मृदू होतं. यातली किल्ली वैदिक स्वर. 'पिता'चा उदात्त (वर चढलेला स्वर) शेवटी, 'भ्राता'चा पहिल्या अक्षरावर. संस्कृतात दोन्हीकडे 'त', जर्मनमध्ये मात्र 'फाटर' आणि 'ब्रूडर', दोन वेगळी व्यंजनं. वेदपाठ्यांनी जपलेले स्वर एका डॅनिश माणसाच्या कामी आले, मला तर हे वाचून उड्या माराव्याशा वाटल्या होत्या.

शंकेखोर: उड्या मारा, पण पित्याचा स्वर ऋग्वेदात ऐकू येतो. हॅवचा कुठे येतो? 'ब' आहे म्हणून आघात पुढे होता, आणि आघात पुढे होता म्हणून 'ब'. घाण्याचा बैल.

आडवाट: मध्येच बोलतो. फिनिशमध्ये राजाला 'कुनिंगास' म्हणतात, जुन्या जर्मानिककडून उसना घेतलेला शब्द. जर्मन 'क्योनिश', इंग्रजी 'किंग' यांनी शेवटचा 'अस' केव्हाच गमावला. पंडितांनी अंदाजाने मांडलेलं रूप *कुनिंगाझ. शेजाऱ्याने जपून ठेवलंय की!

शंकेखोर: ते नाम झालं. मी क्रियापदाचं विचारतोय.

आडवाट: घ्या क्रियापद. डेन्मार्कमध्ये गालेहुसला १७३४ मध्ये सोन्याचं शिंग मिळालं, साधारण इसवी सन ४००चं. त्यावर रूनी लिपीत (जुन्या जर्मानिक लोकांच्या लिपीत) कारागिराचं नाव आणि शेवटी 'तविदो', म्हणजे 'मी बनवलं'. तारा नाही, कोरलेलं आहे. शिंग १८०२ मध्ये चोराने वितळवलं, पण रेखाटनं आहेत.

शंकेखोर: तविदो मान्य. 'ब'चं उत्तर अजून आलेलं नाही.