‘सेफ्टी झोन’ला मराठीत काय म्हणावे? सुरक्षित, सुरक्षा, निर्बंध, मनाई

मूळ प्रश्न, सांगलीहून

माझा भाचा तेलवाहू जहाजावर काम करतो. काही दिवसांपूर्वी त्याचे जहाज मेक्सिकोच्या आखातातील एका बंदराबाहेर ताटकळत उभे होते, कारण आत जाण्याच्या वाटेलगत एका प्रकल्पात नव्या वायुवाहिनीची दाबाची चाचणी चालली होती आणि तेवढ्या काळापुरता त्या वाटेचा काही भाग तटरक्षक दलाने बंद केला होता. त्याविषयीची इंग्रजी सूचना त्याने मला पाठवली आणि लिहिले, “मामा, जहाजावर आपल्या भागातली दोन नवी मुले आहेत, त्यांना नीट कळेल असे मराठी करून द्या.” काम अर्ध्या तासाचे वाटले होते. आज चौथा दिवस आहे.

अडचण पहिल्याच शब्दाशी आली. ‘टेम्पररी सेफ्टी झोन’ याचे मी सहज ‘तात्पुरते सुरक्षित क्षेत्र’ असे केले आणि घरी वाचून दाखवले. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “म्हणजे चाचणी चालू असताना सगळ्यांनी तिथे जाऊन थांबायचे का?” प्रश्न अगदी रास्त होता. कृष्णेकाठच्या माणसाने ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकला आहे तो ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर’ या शब्दप्रयोगात. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठली की सामानाची बांधाबांध सुरू होते, ४५ फुटांची धोका पातळी जवळ आली की माणसे घर सोडतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा तर ‘सुरक्षित’ याचा अर्थ ‘जिथे जाऊन जीव वाचेल ती जागा’ एवढाच उरला होता. इंग्रजी सूचनेतील जागा याच्या नेमकी उलट आहे. तिच्या बाहेर राहिले तरच जीव वाचतो.

‘सुरक्षा क्षेत्र’ असे करावे, तर दुसरा घोटाळा होतो. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन हा कारखान्यांतील अपघात टाळण्यासाठी पाळला जातो, पण राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मात्र शत्रूपासून देशाचे रक्षण करण्याविषयी सल्ला देतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहातील तेहतिसाव्या शीर्षकाच्या भाग १६५ मध्ये ‘सेफ्टी झोन’ आणि ‘सिक्युरिटी झोन’ अशा दोन वेगळ्या व्याख्या दिलेल्या आहेत. पहिल्यात माणसाला जागेपासून वाचवायचे असते, तर दुसऱ्यात जागेला माणसापासून. मराठीत दोहोंना ‘सुरक्षा क्षेत्र’ म्हटले, तर नावाड्याला वाटेल की आपल्यावर कोणीतरी संशय घेत आहे.

‘जलमार्ग’ या शब्दाविषयीही थोडी शंका आहे. राष्ट्रीय जलमार्गांच्या २०१६ च्या कायद्यात देशातील १११ जलमार्ग मोजलेले आहेत आणि त्यांतील चौथ्या क्रमांकात कृष्णाही येते, पण ती कर्नाटकातील गलगलीपासून खालची. आपल्या वाट्याची नव्हे. त्यामुळे आपल्याकडे हा शब्द कागदावर आहे, तोंडात नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

साताऱ्याहून प्रतिसाद

सर, मी आयुष्यभर सरकारी कचेरीत आदेशांचे मसुदे लिहिले, म्हणून थोडे धाडस करतो. ‘क्षेत्र’ या शब्दामागे कोणते विशेषण लावावे हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्या क्षेत्रात माणसावर नेमके काय लादले जाते, हे आधी ठरले पाहिजे. त्यासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘बंदी’ सर्वांत ठाम. दारूबंदी, गुटखाबंदी यांत अपवादाला जागा नसते किंवा असली तरी ती चोरवाट वाटते. बंदी कायमचीच असते असे मात्र नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी मासेमारी बंदी दरवर्षी येते आणि संपते. ‘मनाई’ हा शब्द अरबी मुळातून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि कचेरीत मुरला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली किंवा पूर्वीच्या कलम १४४ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, जे काही निघते त्याला वर्तमानपत्रे ‘मनाई आदेश’ म्हणतात. कलम १६३ खालील असा आदेश एरवी दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकत नाही आणि तो पुढे वाढवायचा असेल तर राज्य शासनाला वेगळा आदेश काढावा लागतो. म्हणजे ‘मनाई’ म्हटले की ठरावीक जागा, ठरावीक मुदत आणि सहीचा अधिकारी या तीन गोष्टी आपोआप डोळ्यांसमोर येतात. आपल्या सूचनेतही त्याच तीन गोष्टी असणार.

‘प्रतिबंध’ हा शब्द मी टाळतो. रोगप्रतिबंध, अपघातप्रतिबंध यांत तो ‘होऊ न देणे’ या अर्थी बसतो, पण ‘प्रतिबंधित क्षेत्र’ म्हटले की २०२० मधील टाळेबंदीच्या काळात गल्लीच्या तोंडाशी लावलेले बांबूच आठवतात. राहिला ‘निर्बंध’. संस्कृतात निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट. मराठीत तो ‘मर्यादा घालणे’ या अर्थी स्थिरावला, हा प्रवास गमतीचा आहे. बंदी उठते, मनाई उठवली जाते, निर्बंध मात्र शिथिल होतात. जे शिथिल होऊ शकते त्यात परवानगीला वाव असतो. आपल्या सूचनेत ‘परवानगीखेरीज’ असे शब्द असतील, तर तिथे बंदी नाही, निर्बंध आहे.

जाता जाता एक आठवण. कोयनेच्या जलाशयाला तळाकडून बोगदा जोडण्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. धरण रिकामे न करता केलेले एवढे मोठे काम आपल्या जिल्ह्यात झाले, पण त्याला घरचे नाव मिळाले नाही आणि ते ‘लेक टॅपिंग’च राहिले. काम होण्याआधी शब्द तयार नसला, तर नंतर तो सहसा तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पलूसहून प्रतिसाद

साताऱ्याच्या काकांनी कचेरीची बाजू मांडली, मी कारखान्याची मांडतो. मूळ सूचनेतील ‘हॅझर्डस’ या शब्दाचे भाषांतर कृपया ‘घातक’ असे करू नये. घातक रसायने, घातक कचरा हे शब्द रूढ आहेत आणि योग्यही आहेत, कारण त्या पदार्थांच्या अंगीच घात करण्याचा गुण असतो. पण ‘घातक चाचणी’ म्हटले की ती चाचणी माणसे मारण्यासाठीच घेतली जाते असे वाटते. चाचणी जोखमीची असते. ‘जोखीम’ या शब्दात घडू शकते आणि न घडूही शकते, असे दोन्ही अर्थ राहतात, आणि इथे तेच सांगायचे आहे.

जोखीम कशाची, हे नव्या मुलांना कळले तर बाकीचे शब्द सोपे होतील. आमच्याकडे पंपाचे आवरण असो वा नळ, दाब तपासायचा तो शक्यतो पाणी भरून, ज्याला सगळे ‘हायड्रो टेस्ट’ म्हणतात. नळाच्या जाळ्याला नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, त्यामुळे सांधा उसवला तर फवारा उडतो आणि दाब क्षणात उतरतो. माणूस भिजतो आणि शिव्या देतो. काही वाहिन्यांत मात्र पाणी भरून चालत नाही. आत ओल राहिलेली परवडत नसेल किंवा पाण्याचे वजन खालच्या आधारांना पेलणारे नसेल, तर हवा किंवा नायट्रोजन भरून तपासावे लागते. वायू आकसतो आणि आकसताना ताणलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवून ठेवतो. तिथे नळ फुटला तर तुकडे गोफणीतल्या दगडासारखे सुटतात. वायूच्या चाचणीत दाब पाण्याच्या चाचणीपेक्षा कमी ठेवतात आणि माणसे मात्र जास्त लांब ठेवतात, त्याचे कारण हे. प्रकल्प पाण्याच्या काठावर असेल, तर ‘लांब ठेवणे’ म्हणजे जहाजांची वाट अडवणे होय.

कायमचे अंतर आणि तेवढ्यापुरते अंतर, हा भेदही शब्दात आला पाहिजे. मिसिसिपी राज्यातील स्टेनिस येथे १९६६ पासून अग्निबाणांची इंजिने उभी करून पेटवून पाहतात. तिथे आवाजाच्या हादऱ्यांसाठी सुमारे सव्वा लाख एकरांचा पट्टा कायमचा निर्मनुष्य राखला आहे. तो राखीव पट्टा झाला. आपल्या सूचनेतील पट्टा दाब उतरला की संपतो.

सांगलीवाडीहून प्रतिसाद

आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत नाव चालवत असत. आजोबांच्या बोलण्यात ‘क्षेत्र’ म्हणजे औदुंबर किंवा नरसोबाची वाडी, जिथे दर्शनाला जायचे. पाण्यातल्या जागेला ते पट्टा, डोह, उतार, नाही तर ‘त्या अंगाचे पाणी’ म्हणत. विहीर खोदताना सुरुंग लावला की वर उभा असलेला गडी “बार उडणार हाय, लांब व्हा!” असे ओरडे. त्या ओरडण्यात क्षेत्र नव्हते, सुरक्षा नव्हती, निर्बंधही नव्हता, तरीही कोणी जवळ थांबत नसे. विद्वानांनी परिभाषा जरूर घडवावी, पण त्या मुलांना पहिल्या ओळीत ‘लांब व्हा’ कळले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. ‘जोखमीची चाचणी’ मी तत्काळ स्वीकारली. ‘मनाई’ आणि ‘निर्बंध’ यांत काल रात्रीपर्यंत घुटमळत होतो. मूळ व्याख्या पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की तिच्यात ‘प्रवेश बंद’ असे म्हटलेलेच नाही. अधिकृत व्यक्ती, वाहने आणि जलयाने यांच्यापुरताच प्रवेश मर्यादित केला आहे, आणि असे क्षेत्र फक्त पाण्यावरच नव्हे तर काठावरही आखता येते. इतकेच नव्हे तर चालत्या जहाजाभोवती त्याच्याबरोबर सरकणारेही असू शकते. तेव्हा साताऱ्याच्या काकांचा ‘निर्बंध’ बरोबर बसतो.

‘तात्पुरता’ हा शब्द मी आधी केवळ काळाचा समजत होतो आणि ‘अस्थायी’पेक्षा हलका म्हणून खोडणार होतो. पण तो ‘त्यापुरता’ या अर्थाचा आहे, म्हणजे त्यात मुदतीबरोबर प्रयोजनही आहे. पलूसच्या मित्रांनी म्हटलेला ‘दाब उतरला की संपणारा पट्टा’ याला दुसरा कोणता शब्द इतका चपखल बसेल? ‘अस्थायी’ पदावर माणूस वीस वर्षे काढतो, हे आपण सारे जाणतोच.

एक गुंता मात्र माझा मलाच सोडवावा लागला. अशा नियमांत दोन कालावधी असू शकतात. नियम समजा महिनाभर ‘लागू’ असतो, पण त्याचा ‘अंमल’ प्रत्यक्ष चाचणी चालू असतानाच केला जातो आणि तो केव्हा सुरू झाला व केव्हा थांबला हे नाविकांना रेडिओवरून कळवले जाते. मराठीत आपण ‘लागू करणे’ आणि ‘अंमलात आणणे’ हे सर्रास एकाच अर्थी वापरतो. इथे तसे केले तर मुले महिनाभर ती वाट चुकवतील, किंवा एकदा वाट मोकळी दिसली म्हणून नियमच संपला असे धरून चालतील. म्हणून ‘लागू’ आणि ‘अंमल’ यांत मी जाणूनबुजून भेद केला आहे. रेडिओवरची घोषणा ही ‘सूचना’, तिच्यामागचा नियम हा ‘आदेश’, हेही वेगळे ठेवले आहे, कारण आपल्याकडे सूचना ऐकून घेतात आणि आदेश पाळतात.

‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’ याचे ‘बंदराचा कप्तान’ केले असते तर मुलांनी जहाजावरचा कप्तान शोधला असता. तो तटरक्षक दलाचा अधिकारी असतो. आपल्याकडे ‘बंदर अधिकारी’ हे पदनाम आहे, पण ते सागरी मंडळाचे. म्हणून ‘तटरक्षक दलाचा बंदरप्रमुख’ असे घेतले.

मसुदा असा झाला आहे:

“लांब राहा. येथे जोखमीची दाब-चाचणी होणार आहे. आखून दिलेल्या हद्दीतील पाण्यावर, पृष्ठभागापासून तळापर्यंत, तात्पुरता प्रवेशनिर्बंध लागू आहे. निर्बंधाचा अंमल चालू असताना तटरक्षक दलाच्या बंदरप्रमुखाच्या किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या परवानगीखेरीज कोणत्याही व्यक्तीने वा जलयानाने या हद्दीत शिरू नये, तिच्यातून जाऊ नये, नांगर टाकू नये वा रेंगाळू नये. अंमल सुरू झाल्याची व थांबल्याची सूचना रेडिओवरून दिली जाईल.”

साताऱ्याहून पुन्हा

सर, मसुदा उत्तम आहे. ‘जलयान’ राहू द्या. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमामुळे तो शब्द आता कायद्यात आहे. मात्र ‘रेंगाळू नये’ हे शेवटी पडले आहे, ते ‘नांगर टाकू नये’ याच्या आधी घ्यावे. माणूस आधी रेंगाळतो आणि मग नांगर टाकतो.

सांगलीवाडीहून पुन्हा

पृष्ठभागापासून तळापर्यंत कशासाठी, असे पोरे विचारतील. पाणबुड्यांसाठी आणि नांगराच्या साखळीसाठी, एवढे त्यांना तोंडी सांगा.