कुत्र्या-मांजरांच्या बोर्डिंगचं सॉफ्टवेअर चतुर्थीच्या आधी बदलावं की नंतर?

सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव. रविवार, १९ जुलै

बी-००२ (बोर्डिंग): नमस्कार मंडळी. मालक गावाला गेले की त्यांची कुत्री-मांजरं ठेवतो त्या खानापूर रोडच्या बोर्डिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं चाललंय. आत्ताचं कॉम्प्युटरवर बसवलेलं आहे आणि पुढचे अपडेट फक्त क्लाउडवर मिळणार असा मेसेज आलाय. केनल, म्हणजे कुत्र्यांच्या खोल्या, १४. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, त्या आठवड्यात एकही रिकामी राहत नाही. आत्ता बदलावं की दिवाळी झाल्यावर? जाणकारांनी सांगा.

ए-४०३: दादा, कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे काय?

बी-००२ (बोर्डिंग): होय की.

ए-४०३: मग दिवाळीपर्यंत थांबणं अडचणीचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. घरगुती कॉम्प्युटरला नोंदणी केली तर सुरक्षेचे वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. धंद्याच्या परवान्यावर पुढंही मिळतात, पण दरवर्षी पैसे भरून. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे घरगुती नोंदणीच्या अपडेटवर चतुर्थी निघते, दिवाळी नाही. ग्राहकांचे नंबर आणि पैशाचा हिशेब त्याच मशीनवर असेल तर तेवढे दिवस उघडं ठेवू नका.
माझं मत: आजच कामाला लागा, पण २० ऑगस्टनंतर एक बटणही हलवायचं नाही. तोवर जमलं नाही तर जुन्यावरच चतुर्थी काढा.

ए-२०२: 🌸 शुभ सकाळ 🌸

सेक्रेटरी: शुभ सकाळ दुसऱ्या ग्रुपवर टाका ओ. इथं कामाचं चाललंय.

बी-००२ (बोर्डिंग): डेटा हलवताना काय बिघडतंय ते सांगा. सुमारे ६०० ग्राहक आहेत.

ए-४०३: बिघडतं ते बहुतेक एक्सेलमध्ये. जुन्यातून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामानं खाने पाडलेली साधी यादी) काढाल, ती सवयीनं डबल क्लिक करून उघडाल, तिथंच घोळ.
९१ लावलेला मोबाइल नंबर १२ आकडी होतो. एक्सेल त्याला संख्या समजतो आणि खान्यात ९.१९ई+११ असं काहीतरी दिसतं. तशीच सेव्ह केली की फाइलमध्ये तेवढंच उरतं, नंबर गेला. कुत्र्याच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर पण असाच जातो. मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं येतात, कारण एक्सेल फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून वाचत नाही.
म्हणून डबल क्लिक नाही. कोरी एक्सेल फाइल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिन ६५००१ यूटीएफ-८ निवडा, मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन फोन, चिप आणि तारीख या तिन्ही कॉलमना 'टेक्स्ट' करा. त्यानंतरच लोड.

ए-४०३: तारखेचं वेगळं सांगतो. अमेरिकेतली सॉफ्टवेअरं महिना आधी, दिवस नंतर वाचतात. तुमच्याकडं ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर, त्याच्याकडं ११ मे. गंमत अशी की १२ च्या पुढचा दिवस असला तर तो एरर देतो आणि तुमच्या लक्षात येतं. १ ते १२ मधल्या तारखा मात्र मुकाट्यानं उलट्या बसतात. सगळ्या तारखा २०२६-११-०५ अशा करून टाका, वाद मिटला.
आधी दहाच नोंदी चढवून बघा. त्यात दोन कुत्री असलेलं एक घर, एक मांजर, एक अ‍ॅडव्हान्स बाकी असलेला ग्राहक, एक मराठी नाव आणि एक १२ च्या आतली तारीख हवीच.

बी-३०४: दादा, आमच्या लॅब्राडोरचं १२ ते २२ सप्टेंबर धरा हं. कोकणात जायचंय.

बी-००२ (बोर्डिंग): धरलं वहिनी. लसीचं कार्ड पाठवून ठेवा.
कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हाच प्रश्न आहे आता. नावं लई निघालीत.

ए-४०३: नावावर जाऊ नका. टाइम टू पेट हे मुळात घरी येऊन सांभाळणाऱ्यांसाठी आणि फिरवणाऱ्यांसाठी. मोगोची सुरुवात ग्रूमिंगपासून. जिंजर आणि रेव्हेलेशन पेट्स बोर्डिंगवाल्यांसाठी. डेमोत ते कॅलेंडरचे रंग दाखवत बसतील. तुम्ही तीन गोष्टी करून दाखवा म्हणायचं.
एक, शनिवारी संध्याकाळी ६ ला आलेला कुत्रा सोमवारी सकाळी १० ला गेला तर बिल किती? रात्रीच्या हिशेबानं २, चोवीस तासांच्या हिशेबानं ४० तास म्हणजे २, कॅलेंडरच्या दिवसानं ३. दर ६०० असेल तर १२०० की १८००, इथंच ग्राहकाशी वाजतं. तुमची रीत त्याच्यात बसते काय ते बघा. बसत नसेल तर सोडा.
दोन, एकाच घरचे दोन कुत्रे एका केनलमध्ये. काही ठिकाणी जागा कुत्र्यावर मोजतात, काही ठिकाणी केनलवर. कुत्र्यावर मोजणाऱ्यात अशी दोन घरं आली की तुमच्या १४ जागा १२ घरांतच संपतात आणि दोन केनल रिकाम्या असून बुकिंग बंद दिसतं.
तीन, दोन बुकिंगच्या मधे साफसफाईचा वेळ आपोआप अडवता येतो काय.

डॉक्टर (सी-३०१): तिसरा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पार्वोचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाचा) विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनाईलनं त्याची खात्री देता येत नाही. आधी घाण पूर्ण काढून साबणानं धुवायचं, मग साधं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवायचं. घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्च होतं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि मांजरांच्या खोलीत फिनाईल अजिबात नको, पंजे चाटले की पोटात जातं.
हे सगळं व्हायला, त्यात पावसात वाळायला, दोन-तीन तास जातात. चेकआउट ११ आणि चेकइन २ ठेवा. सॉफ्टवेअरला ते अडवता येत नसेल तर 'साफसफाई' नावाचा खोटा ग्राहक करून त्याच्या नावानं बुक करा.

बी-३०४: खोटा ग्राहक 😂

बी-००२ (बोर्डिंग): डॉक्टर, लसीचा खाना कसा ठेवायचा? जुन्यात एकच खाना आहे, 'व्हॅक्सिन: हो/नाही'.

डॉक्टर (सी-३०१): तो खाना असून नसल्यासारखा. कमीत कमी चार ओळी हव्यात, प्रत्येकीला 'दिल्याची तारीख' आणि 'पुढची तारीख' वेगवेगळी. रेबीज. डिस्टेंपर-पार्वोचा गट. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). केनल कफ (कुत्र्यांचा संसर्गाचा खोकला).
लेप्टो वेगळा का, तर मुदत वेगळी. लहानपणचा कोर्स नीट झालेल्या मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्वोचा बूस्टर तीन वर्षांनी चालतो असं जागतिक मार्गदर्शनात आहे, पण लेप्टो दरवर्षीच लागतो. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच सुईतून दरवर्षी देतात, म्हणून लोकांना फरक कळत नाही. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस, उंदीर आणि साचलेलं पाणी बघता बोर्डिंगमध्ये लेप्टोची तारीख सैल सोडू नका. लेप्टो लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो. धुणाऱ्या पोरांना गमबूट आणि हातमोजे द्या.

डॉक्टर (सी-३०१): आणि सॉफ्टवेअर तारीख कशाशी ताडून बघतंय ते नीट विचारा. बरेच बुकिंग केलेल्या दिवशी लस चालू आहे काय एवढंच बघतात. आपल्याला कुत्रा घरी जायच्या दिवसापर्यंत चालू हवी. दुसरी बाजू अशी की आदल्या दिवशी टोचून आणलेल्याला संरक्षण तयार झालेलं नसतं. १४ दिवस आधी दिलेली धरा. नाकातून द्यायची केनल कफची लस लवकर काम करते, तिला आठवडा पुरे.

बी-००२ (बोर्डिंग): म्हणजे दोन अटी. दिल्यापासून चेकइनपर्यंत १४ दिवस, आणि पुढची तारीख चेकआउटच्या पलीकडं.

डॉक्टर (सी-३०१): बरोबर. औषधाच्या खान्यात 'अर्धी गोळी' लिहू देऊ नका. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, किती वाजता, आधी की जेवणानंतर. अर्धी कशाची ते रात्रपाळीच्या पोराला कळत नाही. चेकइनला वजन करा, पाच दिवसांनी परत करा.

ए-३०१: आमच्याकडं मुधोळ (शिकारी जातीचा कुत्रा) आहे, त्याचं काय ओ दादा?

बी-००२ (बोर्डिंग): मुधोळला सहा फुटांपेक्षा कमी जाळी असलेली केनल नको, उडी मारतोय. नोंदीत 'जाळीची उंची' असा खाना करून घेणार आहे. आकारानं मध्यम दाखवला की सॉफ्टवेअर त्याला चार फुटी केनलमध्ये टाकतंय.

ए-१०१ काका: पैशाचं बोलू काय? बोर्डिंगवर जीएसटी १८ टक्के. जनावरांच्या दवाखान्याच्या उपचाराला सूट आहे, राहण्याला नाही. म्हणून एकाच आवारात दोन्ही असेल तर बिलात ओळी वेगळ्या पाहिजेत, नाहीतर सॉफ्टवेअर सगळ्यावर एकच दर लावतंय. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण मग बिलावर कर लावायचाही नाही. नोंदणी असेल तर सेवेसाठी घेतलेल्या अ‍ॅडव्हान्सवर तो घेतल्या महिन्यातच कर बसतो. चतुर्थीचा अ‍ॅडव्हान्स ऑगस्टमध्ये घेतला तर ऑगस्टच्या रिटर्नमध्ये.
परदेशी सॉफ्टवेअरचं मासिक भाडं डॉलरमध्ये. त्यावर कार्डाचा चलन बदलण्याचा आकार असतो. नोंदणी असेल तर त्यावर रिव्हर्स चार्जनं कर तुम्ही भरायचा. महिन्याचा भाव बघताना हे धरूनच बघा.

बी-००२ (बोर्डिंग): काका, हे माहीत नव्हतं. आणि रोजचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप पाठवायची सोय नवीन अपडेटमध्ये आली आहे म्हणतात. त्याचे वेगळे पैसे आहेत काय?

ए-४०३: आहेत. १ जुलै २०२५ पासून बिझनेस प्लॅटफॉर्मवर संभाषणाचे नाही, टेम्प्लेट मेसेजचे (आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुराचे) नगावर पैसे लागतात. पण ग्राहकानं स्वतः मेसेज केला की पुढचे २४ तास साधं उत्तर फुकट, फोटोसकट. म्हणून चेकइनला सांगून ठेवायचं, रोज सकाळी 'फोटो' एवढं लिहा. त्यानं लिहिलं की २४ तास खिडकी उघडी.
टेम्प्लेट मराठी आणि कन्नड दोन्हीत वेगवेगळं मंजूर करून घ्यावं लागतं. एकात दोन भाषा कोंबू नका. आणि 'बुकिंग पक्कं झालं'च्या खाली 'दिवाळीला १० टक्के सूट' असली शेपटी लावू नका, ते लगेच मार्केटिंगच्या गटात जातं आणि भाव वाढतो.

बी-३०४: कॅमेऱ्याची लिंक देणार काय दादा? बघत बसायला बरं.

ए-४०३: वहिनी, लिंक दिली तर त्यात काम करणारी पोरं आणि दुसऱ्यांची कुत्री पण दिसतात. द्यायचीच असेल तर खेळायच्या आवारातला एकच कॅमेरा, ठरावीक वेळ, दर ग्राहकाला वेगळा पासवर्ड, चेकआउटला बंद. सगळ्यांना एकच पासवर्ड म्हणजे गावभर. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. तोवर कुणाचा फोन नंबर कशासाठी ठेवलाय हे फॉर्मवर मराठी-कन्नडमध्ये छापून टाका.
डिस्कचा हिशेब पण करा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. चार कॅमेरे ८६. म्हणजे १ टीबी साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. १२ तारखेला आलेला कुत्रा २५ ला लंगडतोय अशी तक्रार आली तर १२ चं रेकॉर्डिंग नसणार. ४ टीबी घाला.

ए-१०१ काका: हेस्कॉमची लाइट गेल्यावर क्लाउड कुठं जातोय?

ए-४०३: 😄 तुमचं बरोबर काका. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, आणि रोज रात्री ८ ला दुसऱ्या दिवसाची यादी छापून फळ्यावर. केनल नंबर, नाव, खाणं, औषध, मालकाचा नंबर. नेट गेलं तरी सकाळचं काम अडत नाही.

ए-४०३: दादा, अजून एक. वेबसाइटचं बुकिंग गूगल कॅलेंडरला आयसीएस लिंकनं (एक कॅलेंडर दुसऱ्याला वाचायला देणारी लिंक) जोडू नका. गूगल ती लिंक काही तासांनी, कधी दिवसभरानं वाचतो. तेवढ्यात फोनवर तीच केनल दुसऱ्याला दिलेली असते. आणि मोबाइल अ‍ॅपला अँड्रॉइड १३ पासून पुढं नोटिफिकेशनची परवानगी हातानं द्यावी लागते. बॅटरीत 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर औषधाची आठवण वाजत नाही. २० ऑगस्टला सगळ्या फोनवर त्या अ‍ॅपचं ऑटो अपडेट बंद.

बी-००२ (बोर्डिंग): ठरलं मग. या आठवड्यात दहा नोंदी, ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस दोन्ही एकदम चालवायची, २० ला कुलूप. वहिनी, कार्ड?

बी-३०४: 📷 फोटो

बी-००२ (बोर्डिंग): अस्पष्ट आलंय. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप बारीक करतंय. 'डॉक्युमेंट'मधून पाठवा, लसीचे स्टिकर आणि डॉक्टरांची सही दोन्ही दिसू देत.

बी-३०४: 📄 कार्ड

डॉक्टर (सी-३०१): रेबीज फेब्रुवारीपर्यंत आहे. लेप्टोची पुढची तारीख १८ सप्टेंबर. तुम्ही परतणार २२ ला.

बी-३०४: अय्या. मग आल्यावर देऊ काय?

डॉक्टर (सी-३०१): नाही वहिनी, आधी. चेकइन १२ ला, म्हणजे २९ ऑगस्टच्या आत.