छिंगमिंगला शेजारच्या आजींसोबत जायचंय, काय न्यावं?

प्रश्न (मुक्काम सुझोऊ):
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे चीनमध्ये राहतो. शेजारच्या आजींनी ५ एप्रिलला छिंगमिंगसाठी (पूर्वजांच्या कबरी साफ करून त्यांना स्मरण्याचा इथला सण) त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या कबरीवर सोबत बोलावलंय. जायचं तर नक्की आहे, पण रिकाम्या हाताने कसं जायचं? हे आपल्या सर्वपित्रीसारखंच असतं का? शिवाय मी शाकाहारी आहे.

हांगझोऊकर:
ताई, जाच. घरचं माणूस समजल्याशिवाय कुणी तिथे नेत नाही. पांढरी-पिवळी शेवंती न्या, थोडी फळं न्या. लाल, भडक कपडे टाळा. बऱ्याच शहरांत आता पितरांसाठी कागदाच्या खोट्या नोटा जाळायला बंदी आहे, त्यामुळे फुलांचाच मान.

खरं काम साफसफाईचं. गवत उपटायचं, दगड पुसायचा, पुसट झालेली अक्षरं रंगाने पुन्हा भरायची. त्यात तुम्हीही हात घाला, आजींना फार बरं वाटेल. मग फळं-पदार्थ मांडून तीनदा वाकून नमस्कार.

सर्वपित्री अमावास्या तिथीवर असते. छिंगमिंगचा दिवस सूर्यावर ठरतो, वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी. म्हणून ४ ते ६ एप्रिलच्या पुढेमागे जात नाही. आणि तो नुसता शोकाचा दिवस नव्हे. कबरीवरून निघालं की लोक हिरवळीवर फिरतात, पतंग उडवतात. मला या सणाचं हेच सगळ्यात आवडतं.

खाण्याचं म्हणाल तर छिंगथुआन मिळतील: चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवेगार गोळे, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. हिरवा रंग कोवळ्या पानांच्या रसाचा. अनेक ठिकाणी त्यासाठी आपल्या दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वापरतात. मात्र पारंपरिक पुरणात डुकराची चरबी घालतात, तेव्हा आधी विचारा. नव्या प्रकारांत तर सुकं मांसही असतं.

जुनी वही:
छिंगथुआन गारच खातात, आणि या गार खाण्याचं मूळ थंड अन्नाच्या सणात आहे, तो पुढे छिंगमिंगमध्ये मिसळला. कथा अशी: राजपुत्र चोंगअर १९ वर्षं परागंदा होता. उपासमारीत त्याच्या सोबतच्या सेवकाने, जिए झिथुईने, स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला खाऊ घातलं. इ.स.पू. ६३६ मध्ये चोंगअर जिन राज्याच्या गादीवर बसला आणि बक्षिसं वाटताना नेमका यालाच विसरला. जिए आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजाने जंगल पेटवलं, आणि दोघं मायलेक जळून गेले. तेव्हापासून त्या दिवशी चूल पेटवायची नाही. शान्शी प्रांतातला मिएनशान हाच तो डोंगर म्हणतात. आख्यायिका आहे, पण ते आईला सोबत नेणं मला दरवेळी हलवून जातं.

प्रश्न (मुक्काम सुझोऊ):
खूप आभार! शेवंती आजच सांगून ठेवते. निघायचं किती वाजता?

हांगझोऊकर:
भल्या सकाळी. २००८ पासून सार्वजनिक सुट्टी आहे, त्यामुळे स्मशानभूमीच्या रस्त्यांवर वाहनांची रांग लागते. जुने बूट घाला, गवतात दव असतं.