नववी विज्ञान: अध्ययन निष्पत्ती तपासता येतील अशा कशा लिहायच्या?

तासगाव_नववी

नमस्कार. नववीच्या 'धाराविद्युत' आणि 'आम्ल, आम्लारी व क्षार' या दोन पाठांचं घटक नियोजन करतोय. निष्पत्तीच्या (पाठ झाल्यावर मुलाला काय करता यायला हवं) रकान्यात आत्तापर्यंत एवढंच लिहून झालंय:

'ओहमचा नियम समजून घेतो.'
'विद्युत परिपथाविषयी जाणीव निर्माण होते.'
'हळदीच्या दर्शकाने आम्ल, आम्लारी व उदासीन पदार्थ ओळखतो.'

वर्गात ४२ मुलं, अ‍ॅमीटर-व्होल्टमीटरचे चालू स्थितीतले संच ३, तासिका ३५ मिनिटांची. वरची वाक्यं वाचून कोणत्या मुलाला काय जमलं ते काहीच कळत नाही. एका पाठाला किती निष्पत्ती घ्याव्यात, कशा लिहाव्यात आणि तपासायच्या केव्हा?

कृष्णाकाठ_प्रयोगशाळा

सर, 'समजून घेतो' आणि 'जाणीव निर्माण होते' आधी खोडा. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, मुलाचे हात आणि वही दिसते. जुन्या पाठटाचणात उद्दिष्टाखाली स्पष्टीकरणं लिहायची पद्धत होती: आठवतो, फरक सांगतो, आकृती काढतो. ती पद्धत चांगलीच होती, फक्त पुढे तिची छापील वाक्यं झाली आणि सगळ्या पाठांना तीच डकवली जाऊ लागली. वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. मुलाच्या हातात काय दिलंय, तो काय करतो, आणि किती अचूक आलं म्हणजे जमलं म्हणायचं.

ओहमच्या नियमासाठी साहित्य असं धरा: २८ गेजची १ मीटर नायक्रोम तार, दीड व्होल्टचे ३ कोरडे सेल, २० ओहमचा ऱ्होस्टॅट (रोध कमी-जास्त करायचं साधन), ०–५०० मिलिअँपिअरचा अ‍ॅमीटर, ०–५ व्होल्टचा व्होल्टमीटर, कळ. या तारेचा व्यास ०.३७६ मिमी असतो, त्यामुळे १ मीटरचा रोध १० ओहमच्या आसपास येतो. उत्तर आधीच माहीत असल्याने तपासणं सोपं जातं. यावरून निष्पत्ती अशा लिहा:

१. दिलेल्या आकृतीवरून परिपथ जोडतो. अ‍ॅमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर तारेला समांतर, दोन्हींची धन-ऋण टोकं बरोबर.
२. शून्य त्रुटी (धारा नसताना काटा शून्यावर नसणं) आणि लघुतम माप (एका बारीक घराची किंमत) पाहून ५ वाचने एककासह तक्त्यात लिहितो.
३. विभवांतर Y अक्षावर आणि धारा X अक्षावर घेऊन आलेख काढतो व उतारावरून रोध काढतो. उत्तर ९ ते ११ ओहम.
४. तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावला तर रेषा का वाकते ते दोन वाक्यांत सांगतो.

एका पाठाला चार-पाच पुरे. दहा-बारा लिहिल्या की त्या फाइलमध्येच राहतात.

मुलं नेमकी कुठे चुकतात ते माहीत असेल तरच निष्पत्ती नेमकी लिहिता येते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्होल्टमीटर न वाचता सेल मोजून १.५, ३, ४.५ असे आकडे टाकणं. सेललाही अंतर्गत रोध असतो. तीन सेलचा मिळून दीड ओहम धरा. ऱ्होस्टॅट शून्यावर असताना धारा सुमारे ०.३९ अँपिअर जाते आणि तारेवर ३.९ व्होल्टच मिळतात. ४.५ ला ०.३९ ने भागलं की रोध साडेअकरा येतो, ३.९ ला भागलं की १०. हा दीड ओहम कुठून आला हे फळ्यावर दाखवा. 'व्होल्टमीटर का वाचायचा' याचं उत्तर मुलांना तिथेच मिळतं. सेल जुने असतील तर फरक आणखी वाढतो.

दुसरी चूक अक्षांची. धारा Y अक्षावर घेतली तर उतार रोधाचा व्यस्त येतो, म्हणजे १० ऐवजी ०.१. मूल तेच 'रोध = ०.१ ओहम' लिहून मोकळं होतं. आकडा न पटणं हेही कौशल्यच आहे. त्याला वेगळा गुण ठेवा.

तिसरी चूक महागात पडते: अ‍ॅमीटर समांतर जोडणं. त्याचा रोध अगदी कमी असल्याने सेलची जवळजवळ सगळी धारा त्यातून जाते, काटा टोकाला आपटतो आणि आतलं वेटोळं जळू शकतं. म्हणून निष्पत्ती १ पूर्ण झाल्याशिवाय कळ दाबायची परवानगी द्यायची नाही. वाचन घेतानाच कळ दाबायची, लगेच सोडायची, सेलही टिकतात. काटा थरथरत असेल तर तारेची टोकं आणि स्क्रू पॉलिश पेपरने घासून घ्या, नव्वद टक्के वेळा तिथेच गंज असतो.

बल्बचं कारण: फिलामेंट तापलं की त्याचा रोध बराच वाढतो. नायक्रोमचा रोध तापमानाबरोबर फारच थोडा बदलतो, म्हणून ओहमच्या नियमासाठी तीच तार घेतात. संच मोडला म्हणून बल्बवर हा प्रयोग उरकू नका, रेषा सरळ येणारच नाही.

हळद_पेठ_सांगली

वरच्या उत्तराशी सहमत. पण तुमच्या तिसऱ्या वाक्याचा दोष वेगळा आहे, ते वाक्य विज्ञानाच्या दृष्टीनेच चुकलंय. हळद आम्लात पिवळी आणि उदासीन पदार्थातही पिवळीच राहते. ती फक्त आम्लारी दाखवते. हळदीने तिन्ही ओळखायला सांगितलं तर लिंबाचा रस आणि साध्या पाण्यात मूल अंदाजच बांधणार, आणि त्या अंदाजाला आपण गुण देणार.

असं लिहा: 'हळदीची पट्टी आणि निळा लिटमस दिल्यावर ६ अनोळखी द्रावणांचे आम्ल, आम्लारी, उदासीन असे गट करतो आणि प्रत्येक निर्णयाला कोणत्या पट्टीचा आधार घेतला ते लिहितो.' हळद लाल झाली तर आम्लारी. हळद पिवळी राहून निळा लिटमस लाल झाला तर आम्ल. दोन्ही तशाच राहिल्या तर उदासीन. लिटमस संपला असेल तर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून घ्या. तो अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होतो.

पट्ट्या करताना हळद पाण्यात कालवू नका. रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कागदावर नुसता गाळ बसतो. ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये एक सपाट चमचा हळद ढवळून १० मिनिटं ठेवा, वरचं स्वच्छ पिवळं द्रावण वेगळं करा, त्यात गाळणकागद बुडवून सावलीत वाळवा आणि १ × ५ सेंमीच्या पट्ट्या कापा. स्पिरिट पेट घेतं, त्या टेबलावर बर्नर नको. उन्हात हा रंग उडतो, म्हणून पट्ट्या बंद डब्यात ठेवा.

धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी, साबणाचं पाणी यांनी पट्टी लगेच लालसर तपकिरी होते. खाण्याच्या सोड्याचं द्रावण परीक्षेला ठेवू नका. त्याचा सामू (pH) ८.३ च्या आसपास, हळदीचा रंग बदलतो त्याच पट्ट्यात. अर्धी मुलं 'बदलला' म्हणतात, अर्धी 'नाही', आणि दोघांचंही खरं असतं. लाल झालेल्या डागावर लिंबाचा थेंब टाकला की तो पुन्हा पिवळा होतो. हे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करू द्या.

तासगाव भागात असाल तर उपयोजनाची निष्पत्ती बेदाण्याच्या शेडवरच आहे. बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायच्या द्रावणात लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल असतं. सालीवरचा मेणासारखा थर मोकळा होऊन पाणी लवकर निघून जातं. पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार, तरी हळदीची पट्टी लाल का होते? तो तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्लापासून बनलेला आहे. 'क्षार म्हणजे उदासीन' हा गैरसमज नववीत पक्का बसलेला असतो, तो यावरून चांगला निघतो. शेडवरचं द्रावण आणू नका, वर्गात ताजं करा: १०० मिली पाण्यात अडीच ग्रॅम, तेल न घालता. हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवायचं.

तासगाव_नववी

हळदीचं वाक्य लगेच बदलतो. पण ३ संचांवर ४२ मुलांना प्रत्येकी परिपथ जोडायला कसं मिळणार? गटात एकच जण जोडतो, बाकीचे तक्ता उतरवून घेतात.

कृष्णाकाठ_प्रयोगशाळा

१४-१४ चे तीन भाग करा आणि तीन तासिका फिरवा. एक भाग परिपथावर, एक पट्ट्यांवर, एक तयार वाचनांवरून आलेखावर. परिपथाच्या १४ जणांना तीन संचांवर ५, ५, ४ असं बसवा. प्रत्येकाने एकेक वाचन स्वतः घ्यायचं, आणि आपली पाळी आली की आधीच्याच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडायचं. चौघांच्या संचावर पहिल्या मुलाने पाचवं वाचन घ्यावं. जोडायला-वाचायला प्रत्येकी ५ मिनिटं धरा, पहिली ५ सूचनांची. पाच जणांचे ३० मिनिटांत होतात.

गुण देत बसू नका. हजेरीपटासारखी चौकट करा, नावासमोर चार निष्पत्तींचे चार रकाने, आणि तीनच खुणा: 'स्वतः', 'मदतीने', 'अजून नाही'. एका तासिकेत १४ जणांचा एकच रकाना भरा. सगळे रकाने एकाच दिवशी भरायला गेलात तर शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांना 'स्वतः' मिळतं. 'अजून नाही' असलेल्यांना पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत दहा मिनिटं द्या, तोच परिपथ, पण वायरींची जागा बदलून.

सातारा_कोयना

दहावीच्या 'हरित ऊर्जेच्या दिशेने' पाठासाठी याच पद्धतीने एक. 'कोयना प्रकल्पाचे महत्त्व सांगतो' ऐवजी लिहा: 'शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक ओळखून दिलेल्या बातमीतली चूक सुधारतो.' मुलांना हे वाक्य द्या: 'कोयनेत रोज १,९६० मेगावॉट वीज तयार होते.' मेगावॉट म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा; त्याला 'रोज' लागत नाही. १,९६० मेगावॉट ही स्थापित क्षमता. सगळे संच पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर १९.६ लाख युनिट. दुसरं गणित: १ घनमीटर पाणी १०० मीटर खाली आलं तर ९,८०,००० ज्यूल, म्हणजे पाव युनिटाहून थोडं जास्त (०.२७). एवढं पाणी आणि एवढीच वीज, हे स्वतः काढल्यावर धरण इतकं मोठं का लागतं ते मुलंच विचारतात. तपासताना एकक नसेल तर उत्तर बरोबर धरू नका. इथे सगळी चूक एककातच आहे.