'पुनर्कल्पना' म्हणावं का?

प्रश्न : अकरम खान यांनी २०१६ साली इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेल्या 'जिझेल'वर टिपण लिहिते आहे. १८४१च्या पॅरिसमधल्या मूळ बॅलेतली खेड्यातली पोर जिझेल इथे बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातली स्थलांतरित कामगार झाली आहे. या प्रकाराला काय म्हणावं? 'रूपांतर' पुरत नाही, 'पुनर्कल्पना' कानाला टोचते.

– टोचणारच! पुनर्जन्म, पुनर्विचार यांत पुढे मृदू व्यंजन आहे म्हणून रफार. क, प अशी कठोर व्यंजनं आली की विसर्ग राहतो, जसं पुनःप्रत्यय. तेव्हा 'पुनःकल्पना'. अर्थात 'पुनर्प्रक्षेपण' रुळलं तेव्हाच ही लढाई आपण हरलो.

– व्याकरण बरोबर, पण कल्पना डोक्यात असते. इथे पावलंच बदलली आहेत. खान कथकच्या तालमीतले. 'पुनर्रचना' मात्र नको, मंत्रिमंडळाची वाटते.

– मला गाण्यातली भाषा जवळची वाटते : राग तोच, बंदिश नवी. आदाम यांच्या मूळ संगीताचे धागे लामान्या यांच्या नव्या संगीतात ऐकू येतात. दगा, वेड, मरण, क्षमा हा क्रमही शाबूत. उलट मॅथ्यू बोर्न यांच्या १९९५च्या 'स्वान लेक'मध्ये चायकोव्हस्कींचं संगीत तेच, हंस मात्र पुरुष. तिथे बंदिश तीच, मिजाज वेगळा. दोन्हींना एकच शब्द चिकटवला की हा फरक बुजतो.

– (प्रश्नकर्ती) हे पटलं. आणि 'विली'? लग्नाआधीच दगा मिळून मेलेल्या मुलींची भुतं. हडळ लिहिलं तर लोक हसतील.

– हडळ नकोच, 'विली'च ठेवा. मूळ बॅलेत त्या जिझेलवर जीव असलेल्या हिलारिअनला नाचवून नाचवून तळ्यात बुडवतात, म्हणून साती आसरा आठवतात खऱ्या. पण आसरांची आपण ओटी भरतो, विलींची कोण भरणार? शिवाय खान यांच्या विली म्हणजे कारखान्यात मेलेल्या कामगार बायका, हातात लांब काठ्या घेतलेल्या.

– (प्रश्नकर्ती) बंदिश बांधतात, म्हणून 'नव्याने बांधलेली जिझेल' लिहू का?

– बाई, पोरीला दोरीने बांधल्यासारखं वाटतंय. 'जिझेलची नवी बांधणी' करा.